मर्सिडीज-बेंझ एस-क्लास

मर्सिडीज-बेंझ एस-क्लास ही जर्मनीतील मर्सिडीज-बेंझ या कंपनीची मोठ्या आकाराची आलिशान सेडान मोटारगाडी आहे. एस-क्लास हे नाव १९७२ साली अधिकृतपणे वापरात आले. मात्र या गाडीची वंशपरंपरा १९५० च्या दशकाच्या आरंभापर्यंत मागे नेता येते. कंपनीच्या सेडान गाड्यांमध्ये हिचे स्थान सर्वांत वरचे असून राष्ट्रप्रमुख, उद्योगपती व मोठ्या संस्थांचे प्रमुख यांची गाडी म्हणून ती जगभर ओळखली जाते. जर्मनीतील सिंडेलफिंगेन येथे तिचे मुख्य उत्पादन होते आणि भारतासाठीच्या गाड्यांची जुळणी पुणे जिल्ह्यातील चाकण येथे केली जाते.

ऐषआराम, शांतता आणि प्रतिष्ठा यांसाठी ही गाडी प्रसिद्ध असली, तरी मोटारींच्या इतिहासातील तिचे महत्त्व त्यापुरते मर्यादित नाही. चाके जाम होऊ न देणारी ब्रेकव्यवस्था, एअरबॅग व गाडीचा तोल सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ही आज सामान्य मोटारींतही आढळणारी सुरक्षासाधने आरंभी याच गाडीतून, मोजक्या धनिक ग्राहकांच्या खर्चाने, वापरात आली.

नाव व वर्गीकरण

नावातील एस हे अक्षर 'झोंडरक्लासे' या जर्मन शब्दाचे आद्याक्षर होय. त्याचा अर्थ 'विशेष श्रेणी' असा आहे. प्रत्येक पिढीला कंपनीचा एक अंतर्गत क्रमांक असतो आणि जाणकार लोक गाडीचा उल्लेख बहुधा त्याच क्रमांकाने करतात. उदाहरणार्थ, डब्ल्यू १२६ किंवा डब्ल्यू १४०. गाडीच्या मागील बाजूस लिहिलेला आकडा पूर्वी इंजिनाच्या क्षमतेशी जुळत असे. ५०० म्हणजे ५ लिटरचे इंजिन, असा साधा हिशेब होता. पुढे इंजिने लहान व अधिक शक्तिमान होत गेल्याने हा मेळ राहिला नाही. आजच्या एस ४५० या गाडीत ३ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन असते.

आखूड व लांब अशा दोन मापांत ही गाडी तयार होते. लांब गाडीत वाढवलेली सगळी जागा मागील प्रवाशांच्या पायांसाठी असते. ज्या देशांत मालक स्वतः गाडी चालवतो तेथे आखूड गाडीलाही मागणी असते. जेथे चालक ठेवण्याची प्रथा आहे तेथे लांब गाडीच अधिक खपते.

पूर्वपीठिका

महायुद्धात उद्ध्वस्त झालेले कारखाने पुन्हा उभे राहिल्यावर १९५१ साली कंपनीने २२० ही सहा सिलिंडरांची गाडी बाजारात आणली. १९५४ साली तिच्या जागी सलग सांगाड्याची नवी गाडी आली. १९५९ साली आलेल्या डब्ल्यू १११ या गाडीने सुरक्षिततेच्या विचाराला नवे वळण दिले. गाडी जितकी टणक तितकी ती सुरक्षित, असा तोपर्यंतचा समज होता. बेला बारेनी या अभियंत्याने याउलट विचार मांडला. प्रवासी बसतात तो मधला भाग टणक असावा, पण पुढचा व मागचा भाग अपघातात चुरगळून धक्का शोषून घेणारा असावा, असे त्याचे प्रतिपादन होते. १९५१ साली त्याने यासाठी पेटंटचा अर्ज केला होता. ही कल्पना प्रत्यक्षात उतरवणारी डब्ल्यू १११ ही पहिली उत्पादित मोटार मानली जाते. आज प्रत्येक मोटारीच्या रचनेत हे तत्त्व गृहीत धरलेले असते.

पिढ्या

डब्ल्यू ११६ (१९७२–१९८०): एस-क्लास हे नाव अधिकृतपणे धारण करणारी ही पहिली गाडी. १९७४ साली तिच्या ४५० या आवृत्तीला युरोपातील 'वर्षातील सर्वोत्तम मोटार' हा सन्मान मिळाला. १९७५ साली ६.९ लिटर इंजिनाची आवृत्ती आली. तिच्यात पोलादी स्प्रिंगांऐवजी तेल व वायू यांच्या दाबावर चालणारे सस्पेन्शन होते. १९७८ साली बॉश कंपनीच्या सहकार्याने विकसित केलेली इलेक्ट्रॉनिक एबीएस ब्रेकव्यवस्था या गाडीत उपलब्ध झाली.

डब्ल्यू १२६ (१९७९–१९९१): ब्रूनो साको यांच्या नेतृत्वाखाली रेखाटलेली ही गाडी अनेकांच्या मते या वंशातील सर्वांत समतोल गाडी होय. या पिढीच्या आठ लाखांहून अधिक सेडान गाड्या तयार झाल्या. इंधनटंचाईच्या काळात आखणी झाल्यामुळे वजन व हवेचा अवरोध कमी करण्यावर भर देण्यात आला होता. १९८१ साली चालकासाठी एअरबॅग व सीटबेल्ट ताणून धरणारी यंत्रणा या गाडीत एकत्रितपणे उपलब्ध झाली.

डब्ल्यू १४० (१९९१–१९९८): दुहेरी काचेच्या खिडक्या, दार हलकेच टेकवले असता ते ओढून घट्ट लावणारी यंत्रणा आणि बारा सिलिंडरांचे इंजिन ही या पिढीची वैशिष्ट्ये होत. गाडीचे मागचे टोक कोठे संपते हे चालकाला कळावे म्हणून गाडी मागे घेताना मागील दोन्ही कोपऱ्यांवर लहान दांड्या आपोआप वर येत. त्यांची जागा पुढे ध्वनिलहरींवर चालणाऱ्या संवेदकांनी घेतली.

डब्ल्यू २२० (१९९८–२००५): आधीच्या गाडीच्या अवाढव्यपणावर झालेल्या टीकेनंतर ही गाडी लहान व हलकी करण्यात आली. हवेवर चालणारे सस्पेन्शन आणि पुढील वाहनापासून ठरावीक अंतर राखणारी रडार यंत्रणा या पिढीत आली. मात्र गंज व इलेक्ट्रॉनिक बिघाड यांमुळे या पिढीचा लौकिक काहीसा उणावला.

डब्ल्यू २२१ (२००५–२०१३): अंधारात रस्त्याचे चित्र दाखविणारा कॅमेरा या पिढीत आला. २००९ साली लिथियम-आयन बॅटरी असलेली संकरित आवृत्ती बाजारात आली.

डब्ल्यू २२२ (२०१३–२०२०): या गाडीत एकही साधा दिवा नव्हता, सर्व दिवे एलईडी प्रकारचे होते. दोन कॅमेऱ्यांच्या साह्याने पुढील रस्त्याचे उंचवटे आधीच ओळखून त्यानुसार सस्पेन्शन बदलणारी व्यवस्था काही आवृत्त्यांत होती. ऑगस्ट २०१३ मध्ये या पिढीच्या एका प्रायोगिक गाडीने मानहाइम ते फोर्झहाइम हा सुमारे १०० किलोमीटरचा प्रवास स्वयंचलित रीतीने केला. या मार्गाची निवड अर्थपूर्ण होती. १८८८ साली बेर्टा बेंझ यांनी पतीने बनविलेल्या मोटारीतून आपल्या दोन मुलांसह याच दोन शहरांदरम्यान जगातील पहिला लांब पल्ल्याचा मोटारप्रवास केला होता.

डब्ल्यू २२३ (२०२० पासून): मागील चाकेही वळविणारी यंत्रणा आणि मागील प्रवाशांसाठी समोरून उघडणारी एअरबॅग ही या पिढीची ठळक वैशिष्ट्ये होत. डिसेंबर २०२१ मध्ये जर्मनीच्या मोटारवाहन प्राधिकरणाने या गाडीच्या स्वयंचालन यंत्रणेला मान्यता दिली. त्या मान्यतेनुसार ठरावीक महामार्गांवर, दाट रहदारीत, ताशी ६० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने गाडी स्वतः चालू शकत होती आणि तेवढ्या वेळात चालकाने रस्त्यावरून नजर काढली तरी चालत असे.

चालविण्याचा अनुभव

सध्याची लांब एस-क्लास सुमारे ५.२९ मीटर लांब आहे. भारतातील लहान मोटारीची लांबी साडेतीन मीटरच्या आसपास असते. म्हणजेच ही गाडी अशा दीड मोटारींएवढी लांब असून तिचे वजन दोन टनांच्या घरात असते. एवढी मोठी वस्तू हाताळताना चालकाला तिचा भार जाणवू न देणे हेच तिच्या अभियंत्यांचे मुख्य काम असते.

आसनाची रचना बदलण्याची बटणे दारावर असतात आणि त्यांचा आकार आसनासारखाच असतो. पाठीच्या आकाराचे बटण मागे रेलवले की पाठ रेलते. बैठकीच्या आकाराचे बटण उचलले की बैठक वर येते. डब्ल्यू १२६ च्या काळापासून चालत आलेल्या या रचनेला सूचनापुस्तिकेची गरज पडत नाही. पुढे अनेक कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. गिअरचा दांडा दोन आसनांच्या मध्ये नसून स्टिअरिंगच्या मागे लहान खटक्याच्या रूपात असतो. बॉनेटच्या टोकावर उभा असलेला तीन आऱ्यांचा तारा केवळ शोभेसाठी नाही. अरुंद जागेतून गाडी नेताना तिचा पुढचा भाग कोठे आहे याचा अंदाज घेण्यास चालकाला त्याचा उपयोग होतो.

गाडी चालू लागल्यावर सर्वप्रथम जाणवते ती शांतता. इंजिनाचा, टायरांचा व वाऱ्याचा आवाज जाड काचा, दारांभोवतीचे रबरी पट्टे आणि तळाशी भरलेली ध्वनिरोधक द्रव्ये यांमुळे आत फारसा पोहोचत नाही. दोन चाकांमधील अंतर मोठे असल्यामुळे रस्त्यावरील उंचवट्याने पुढची बाजू उचलली गेली तरी गाडी हेलकावत नाही. हवेच्या सस्पेन्शनमध्ये पोलादी स्प्रिंगांऐवजी दाबाखालील हवेने भरलेल्या रबरी पिशव्या असतात. भार वाढला तर त्यांतील हवा वाढवून गाडीची उंची कायम राखली जाते. वेग वाढला तर गाडी किंचित खाली बसते.

या शांततेचा एक दोषही आहे. वेगाची जाणीव माणसाला बऱ्याच अंशी आवाज व कंप यांतून होत असते. ही दोन्ही चिन्हे नाहीशी झाली की ताशी १२० किलोमीटरचा वेग ८० सारखा भासू लागतो. जर्मनीतील महामार्गांच्या मोठ्या भागावर वेगाची सक्तीची मर्यादा नाही आणि ही गाडी तेथील गरजेनुसार घडलेली आहे. तिचा कमाल वेग बहुतेक आवृत्त्यांत ताशी २५० किलोमीटरवर यंत्राने रोखलेला असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागातील मोटारींची वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे, तर समृद्धी महामार्गावर ती १२० आहे. अशा मार्गांवर गाडीच्या क्षमतेचा मोठा भाग वापरलाच जात नाही आणि चालकाला आपल्या अंदाजापेक्षा वेगमापकावरच अधिक विसंबावे लागते.

शहरातील गल्लीबोळांत आकार अडचणीचा ठरतो. त्यावर उपाय म्हणून सध्याच्या पिढीत मागील चाके कमाल १० अंशांपर्यंत वळू शकतात. कमी वेगात ती पुढील चाकांच्या विरुद्ध दिशेने वळतात व गाडी कमी जागेत फिरते. जास्त वेगात ती त्याच दिशेने थोडीशी वळतात व गाडी स्थिर राहते. यामुळे वळण घेण्यास लागणाऱ्या वर्तुळाचा व्यास सुमारे दोन मीटरपर्यंत कमी होतो.

मागील आसन

भारत, चीन व पश्चिम आशियातील देशांत या गाडीचा मालक सहसा मागे बसतो. भारतात स्टिअरिंग उजवीकडे असल्याने मागील डावी जागा ही मानाची समजली जाते. चालकाशेजारचे आसन पुढे सरकवून व दुमडून या जागेसमोर पाय पूर्ण पसरता येतील इतकी मोकळीक करता येते. काही आवृत्त्यांत मागील आसनाची पाठ ४३.५ अंशांपर्यंत रेलते, पोटऱ्यांखाली आधार येतो आणि आसनातून पाठीला मालिश करण्याची सोय असते. गाडीत बसून कागदपत्रे वाचणे, दूरध्वनीवर बोलणे किंवा झोप घेणे सहज शक्य होते. अशा मालकाच्या दृष्टीने गाडीचे खरे मोल वेगात नसून, उतरताना अंगात थकवा नसणे यात असते.

तथापि रेललेल्या आसनामुळे सुरक्षिततेचा एक नवा प्रश्न निर्माण होतो. समोरासमोर धडक झाली तर आडव्या स्थितीतील शरीर सीटबेल्टच्या कमरेवरील पट्ट्याखालून पुढे घसरते आणि पट्टा पोटात रुततो. हे टाळण्यासाठी डब्ल्यू २२२ मध्ये रेलणाऱ्या आसनाच्या बैठकीत एक एअरबॅग बसविण्यात आली. अपघाताच्या क्षणी ती मांड्यांखालचा भाग उचलून धरते व घसरणे थांबवते. फुगून रुंद होणारा आणि छातीवरील दाब पसरवून देणारा सीटबेल्टही याच पिढीत उपलब्ध झाला. मागील दार उघडताच सीटबेल्टचे कुलूप प्रकाशित होऊन वर येते, म्हणजे ते शोधावे लागत नाही. डब्ल्यू २२३ मध्ये पुढील आसनांच्या पाठीतून मागील प्रवाशासमोर उघडणाऱ्या एअरबॅगची भर पडली.

ही सर्व साधने प्रवाशाने सीटबेल्ट लावला आहे असे गृहीत धरूनच आखलेली आहेत. ३१ ऑगस्ट १९९७ रोजी पॅरिसमधील अल्मा पुलाजवळील भुयारी मार्गात डब्ल्यू १४० पिढीतील एस २८० ही गाडी खांबावर आदळून ब्रिटनच्या राजघराण्यातील डायना यांच्यासह तिघांचा मृत्यू झाला. लंडन येथील न्यायचौकशीत २००८ साली ज्यूरीने चालकाचे मद्यपान व वेग आणि पाठलाग करणाऱ्या वाहनांचा बेदरकारपणा यांबरोबरच सीटबेल्ट न लावणे हेही मृत्यूस कारणीभूत ठरल्याचे नमूद केले. आपल्या काळातील अत्यंत सुरक्षित समजल्या जाणाऱ्या मोटारींत या गाडीची गणना होत होती.

महाराष्ट्रात हा प्रश्न २०२२ साली ऐरणीवर आला. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीवरील पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. त्यांची गाडी एस-क्लास नव्हती. ती याच कंपनीची जीएलसी ही उंच गाडी होती. मागील आसनावरील दोघे मृत्युमुखी पडले आणि दोघांनीही सीटबेल्ट लावला नसल्याचे पोलिसांनी सांगितले; पुढील आसनांवरील दोघे वाचले. मागील प्रवाशांनी सीटबेल्ट लावण्याचा नियम भारतात आधीपासूनच होता, पण त्याची अंमलबजावणी क्वचितच होत असे. या घटनेनंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मोटारीतील सर्व प्रवाशांसाठी सीटबेल्टची सक्ती जाहीर केली. मागे बसणाऱ्यास पट्ट्याची आवश्यकता नाही, हा समज मोटारीच्या किमतीवर अवलंबून नसतो, हे या दोन्ही घटनांतून दिसून येते.

मालकी व खर्च

भारतात जुळणी केलेली डब्ल्यू २२३ ऑक्टोबर २०२१ मध्ये १ कोटी ५७ लाख रुपयांपासून पुढे, एक्स-शोरूम किमतीस, विक्रीस आली. मोठ्या आलिशान मोटारींवर वस्तू व सेवा कर आणि अधिभार मिळून सुमारे ४८ ते ५० टक्के आकारणी होत असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ती ४० टक्के करण्यात आली. या रकमेवर राज्याचा मोटारवाहन कर व विमा यांची भर पडते. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरील मोटारीला व्यक्तीच्या नावावरील मोटारीपेक्षा अधिक दराने कर भरावा लागतो.

खरेदीनंतरचा सर्वांत मोठा खर्च डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे घसारा. नवी गाडी घेणाऱ्या ग्राहकाला नवीन पिढी हवी असते, तर जुनी गाडी घेणारा तिच्या दुरुस्तीच्या खर्चाला बिचकतो. त्यामुळे पहिल्या काही वर्षांतच या गाडीची किंमत झपाट्याने उतरते. परिणामी, आठ-दहा वर्षांची एस-क्लास नव्या मध्यम आकाराच्या मोटारीच्या किमतीतही मिळू शकते. मात्र गाडीची किंमत उतरली तरी तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. जुन्या आलिशान गाडीच्या व्यवहारात अनेकांची फसगत होते ती येथेच.

हवेचे सस्पेन्शन हे याचे नेहमीचे उदाहरण होय. कालांतराने रबरी पिशव्यांना भेगा पडतात व हवा गळू लागते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर खाली बसलेली दिसली, तर तो गळतीचा संकेत समजावा. तिकडे दुर्लक्ष केल्यास गळती भरून काढण्यासाठी हवेचा पंप सतत चालू राहतो आणि शेवटी तोही निकामी होतो. रुंद व कमी उंचीचे टायर खड्ड्यांत सहज फाटतात आणि त्यांबरोबर चाकाची कडही वाकते. उंच गतिरोधकांवर व इमारतीच्या उतारावर गाडीचा तळ घासू नये म्हणून ती काही सेंटिमीटर उचलण्याची सोय असते. चालकाने ती वेळेवर वापरली पाहिजे.

दुरुस्तीच्या बाबतीत पिढ्यापिढ्यांत मोठा फरक आहे. डब्ल्यू १२६ सारखी गाडी अनुभवी कारागीर साध्या अवजारांनी दुरुस्त करू शकतो. म्हणूनच त्या पिढीच्या कित्येक गाड्या आजही चालू स्थितीत आहेत. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातील काही गाड्यांमध्ये इंजिनाजवळील तारांचे वेष्टन उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडण्याचा दोष आढळला. त्यानंतरच्या पिढ्यांत दोष शोधण्यासाठीच संगणक लागतो आणि अनेक भाग गाडीच्या संगणकाशी जुळवून घेतल्याशिवाय चालत नाहीत. जुनी गाडी घेताना तिने कापलेल्या अंतरापेक्षा देखभालीच्या नोंदी अधिक महत्त्वाच्या मानल्या जातात.

भारतातील वाटचाल

तीन आऱ्यांचा तारा भारतीयांना प्रथम परिचित झाला तो आलिशान मोटारींमुळे नव्हे, तर मालमोटारींमुळे. १९५४ पासून टेल्को कंपनीने डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूर येथे मालमोटारी तयार केल्या आणि १९६९ पर्यंत त्यांवर हा तारा असे. १९९४ साली मर्सिडीज-बेंझची भारतीय कंपनी स्थापन झाली. १९९५ साली टेल्कोच्या पिंपरी येथील आवारात ई-क्लास या गाडीची जुळणी सुरू झाली. २००९ मध्ये कंपनीने चाकण येथे स्वतःचा कारखाना सुरू केला. तेथे एस-क्लासच्या अलीकडच्या पिढ्यांची जुळणी होते. तयार गाडीच्या आयातीवर जबर सीमाशुल्क असल्याने सुटे भाग आणून येथे जोडणे किफायतशीर ठरते. भारताच्या राष्ट्रपतींसाठी एस-क्लासची लांब व चिलखती आवृत्ती वापरली जाते.

सार्वजनिक जीवनात

सत्तेचे व संपत्तीचे चिन्ह मानल्या गेलेल्या या गाडीशी एक वेगळी कथाही जोडलेली आहे. फेब्रुवारी १९९० मध्ये नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटल्यावर दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन येथील मर्सिडीज कारखान्याच्या कामगारांनी त्यांना एक गाडी भेट देण्याचे ठरविले. सुटे भाग कंपनीने द्यावेत आणि जोडणीचे श्रम कामगारांनी मोबदला न घेता करावेत, असे ठरले. लाल रंगाची ५०० एसई ही डब्ल्यू १२६ पिढीची गाडी अशा रीतीने तयार झाली आणि जुलै १९९० मध्ये मदांतसाने येथील क्रीडांगणावर मंडेला यांना अर्पण करण्यात आली. ज्या वस्तूचे कारागीर ती कधी विकत घेऊ शकले नसते, तीच वस्तू त्यांनी आपल्या नेत्याला स्वतःच्या श्रमांतून दिली. ही गाडी पुढे जोहान्सबर्ग येथील वर्णद्वेषविषयक संग्रहालयात ठेवण्यात आली.

टीका

गाडीचा आकार, वजन व इंधनाचा खप यांवर वेळोवेळी टीका झाली आहे. डब्ल्यू १४० बाजारात आली तेव्हा जर्मनीत पर्यावरणाविषयीची जागरूकता वाढत होती. त्यामुळे ती गाडी उधळपट्टीचे प्रतीक म्हणून टीकेचे लक्ष्य ठरली. १९८९ साली लेक्सस या जपानी कंपनीने एलएस ४०० ही गाडी अमेरिकेत सुमारे ३५ हजार डॉलर या बऱ्याच कमी किमतीत आणली आणि शांतता व टिकाऊपणा या एस-क्लासच्या गुणांनाच आव्हान दिले. जर्मनीतील बीएमडब्ल्यू ७ मालिका व आउडी ए८ या तिच्या दीर्घकालीन प्रतिस्पर्धी गाड्या आहेत. एवढे संशोधन मूठभरांच्या सोयीसाठी का, हा आक्षेपही घेतला जातो. त्याचे उत्तर ही साधने इतरांपर्यंत किती लवकर पोहोचतात यावर अवलंबून आहे.

सर्वसामान्य मोटारींवरील परिणाम

जोरात ब्रेक दाबला असता चाके जाम झाली तर गाडी घसरत जाते व स्टिअरिंगचा उपयोग होत नाही. एबीएस यंत्रणा चाक जाम होण्याच्या बेतात असल्याचे ओळखून ब्रेकचा दाब क्षणात अनेकदा कमी-अधिक करते, त्यामुळे ब्रेक लावतानाही गाडी वळविता येते. अशा यंत्रणेचे व एअरबॅगचेही काही प्रयोग अमेरिकेत याआधी झाले होते. पण ते टिकले नाहीत. एस-क्लासमध्ये आल्यानंतर मात्र ही साधने सातत्याने वापरात राहिली आणि हळूहळू स्वस्त झाली.

घसरणाऱ्या गाडीचे एखादेच चाक रोखून तिला मार्गावर आणणारी ईएसपी यंत्रणा १९९५ साली एस ६०० च्या दोन दारांच्या आवृत्तीत प्रथम आली. त्यानंतर दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९९७ मध्ये, याच कंपनीची ए-क्लास ही छोटी मोटार स्वीडनमधील एका नियतकालिकाच्या चाचणीत, अचानक समोर आलेला अडथळा चुकविताना उलटली. टीकेची झोड उठल्यावर कंपनीने ही महाग यंत्रणा त्या छोट्या मोटारीत सरसकट बसविण्याचा निर्णय घेतला. बारा सिलिंडरांच्या गाडीतील साधन इतक्या लवकर छोट्या मोटारीत उतरण्याचे हे ठळक उदाहरण होय.

सर्वत्र हे इतक्या वेगाने घडले नाही. भारतात सर्व नव्या मोटारींत एबीएस एप्रिल २०१९ पासून आणि चालकासाठीची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. पुढील सहप्रवाशासाठीची एअरबॅग त्यानंतर सक्तीची करण्यात आली. १९७८ साली एस-क्लासच्या मालकाला जे मिळाले, ते भारतातील लहान मोटारीच्या मालकाला हक्काने मिळण्यास ४१ वर्षे लागली. मागील आसनावरील एअरबॅग, रस्त्याचे खड्डे आधीच ओळखणारे कॅमेरे व स्वयंचालन यंत्रणा ही साधने आज त्याच प्रवासाच्या आरंभी आहेत.